यजमान आहेत तोवर

चेन्नईत मला नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी सगळ्या सांगलीभर सांगितलं, की सून तिकडे युनिव्हर्सिटीत कुलपं लावायच्या खात्यात आहे. मी त्यांना फोनवर नीट समजावलं होतं. म्हटलं, अहो, आमच्या ग्रंथालयात प्रबंध, जुने फोटो, ध्वनिफिती असलं सगळं संगणकावर चढवतात आणि लोकांना घरबसल्या बघायला देतात. त्या डिजिटल भांडाराचं काम माझ्याकडे आहे.

"मग कुलूप कुठनं आलं त्यात?" त्यांनी विचारलं.

"काही गोष्टी साऱ्या जगाला दिसतात, काही नुसत्या युनिव्हर्सिटीतल्या लोकांना, काही अर्ज केल्यावर, आणि काही कुणालाच नाही."

त्यांनी यातलं शेवटचं तेवढं धरलं.

कोल्हापूरला ग्रंथालयशास्त्र शिकताना आमच्या सरांनी डोक्यात पक्कं भरवलं होतं, की ग्रंथपालाचं काम म्हणजे दार उघडायचं. मी तेच घेऊन इकडे आले. नवऱ्याची नोकरी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, घरही तिथंच. मी रोज बस बदलत शहरात यायची, आणि येऊन बघावं तर लोक दार बंद करा म्हणून मागे लागलेले. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना आपल्या प्रबंधातले नकाशे लपवायचे होते, कारण एक दुर्मीळ ऑर्किड नेमकं कुठल्या डोंगरावर फुलतं ते त्यात होतं आणि लोक जाऊन उपटून आणतील अशी त्यांना धास्ती. हे मला पटलं. पण दुसऱ्या एकाला सबंध प्रबंधच बंद करून हवा होता, आणि कारण काय, तर आभाराचं पान. त्या पानावर त्यानं जिचे भरभरून आभार मानले होते तिनं दुसऱ्याशी लग्न केलं होतं, आणि आता याचंही ठरलं होतं.

"होणाऱ्या बायकोला सांगून टाका की," मी म्हटलं.

"मॅडम, ती याच विषयात पीएच.डी. करतेय. वाचणारच!"

माझ्या शेजारच्या टेबलावर आमची सिस्टीम ॲडमिन बसते. मदुराईची मुलगी, माझ्याहून लहान, केसांत रोज मोगरा आणि तोंडात रोज नवा नियम. आम्ही दोघी इंग्रजी-तमिळच्या खिचडीत बोलतो. तिचं म्हणणं असं, की माणसं काय वाटेल ते मागतील, सिस्टीमला मात्र दोनच गोष्टी कळतात: कोण, आणि कधीपर्यंत. प्रत्येक फाइलीला पातळी द्यायची. बंद ठेवायची असेल तर कधी उघडायची ती तारीख द्यायची. तारीख दिली नाही तर फॉर्म पुढे सरकत नाही. तारखेच्या चौकटीला लाल कड येते आणि ती तुमच्याकडे बघत बसते.

या चौकटीनंच पुढचं सगळं घडवलं.

आमच्याकडे एका कपाटात जुन्या कॅसेटी पडून होत्या. लोकसाहित्य शिकवणाऱ्या एका बाईंनी निवृत्त होताना त्या ग्रंथालयाला दिल्या होत्या. बाई तंजावरच्या मराठी घरातल्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या भावाबरोबर जी मराठी माणसं इकडे आली आणि इथलीच झाली, त्यांच्यापैकी. तरुणपणी त्यांनी मैलापूर, तिरुवल्लिक्केणी भागातल्या मराठी घरांत जाऊन बायकांची गाणी टेप केली होती. त्याला जवळपास चाळीस वर्षं झाली. फिती खराब होण्याआधी त्या संगणकावर घ्यायच्या असं ठरलं, आणि ग्रंथालयात मराठी समजणारी मी एकटी, म्हणून आमच्या मुख्य ग्रंथपाल सरांनी ते काम माझ्यापुढे ठेवलं.

मराठी समजणारी! पहिली कॅसेट लावली आणि माझी ती ऐट उतरली. मराठी होती, पण माझी नव्हती. शब्द बखरीतले, चाल तमिळ, मध्येच 'अय्यो', मध्येच 'परवाइल्ला' म्हणजे 'असू दे', आणि 'नको'चं 'नोको'. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. मंगळवारी ये घरी. जेवायलाच ये."

तेव्हापासून दर मंगळवारी मी लॅपटॉप घेऊन मैलापूरला जायला लागले. बाई एकट्या राहायच्या, देवळामागच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. बारीक अंगाच्या, खळ घातलेली सुती साडी, बोलणं ठणठणीत. आम्ही दोघी टेबलाशी बसून कॅसेट ऐकायचो, मी अडले की त्या अर्थ सांगायच्या. गाणी तर होतीच: पाळणे, मंगळागौरीची, जावयाला चिडवायची. पण बाईंनी टेप बंद करण्याची घाई कधी केली नव्हती. त्यामुळे गाणं संपलं की त्या बायका ज्या बोलत सुटायच्या, ते सगळं आत आलं होतं. मागे उखळाचा आवाज, कुकरची शिट्टी, आणि पुढे कुणाची सासू, कुणाची जाऊ, कुणाची सोन्याची मोहनमाळ. मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवायची.

एका मंगळवारी अशीच एक कॅसेट लागली. गाणारीचा आवाज विलक्षण गोड, जरासा घोगरा. तिनं एक पाळणा म्हटला. मग थोडा वेळ शांत. मग ती एकदम म्हणाली, "आता खरं बोलूं कां?" आणि बोलायला लागली आपल्या नवऱ्याबद्दल.

ती काय बोलली ते मी इथंही सांगणार नाही. एवढंच सांगते, की मारहाण, व्यसन असलं त्यात काही नव्हतं. एका घरात वर्षानुवर्षं राहून एका बाईच्या मनात जे साठतं ते होतं. काही ऐकून मी हसले, काही ऐकून हसणं थांबलं. आणि शेवटी ती म्हणाली, "अगो, हें बोलणं कोणाला ऐकवू नोको. यजमान आहेत तोंवर नोको."

टेपवर तरुण बाईंचा आवाज आला, "आणि मग?"

"मग ऐकव की साऱ्यांना. कळू दे जगाला."

"मग म्हणजे केव्हा, अक्का?"

"मग म्हणजे मग," असं म्हणून ती हसली आणि फीत संपली.

मी बाईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी शब्द दिला होता गं तिला. टेप बंद केल्यावर हातावर हात मारून दिला होता. ही गोष्ट मी पार विसरून गेले होते."

"त्या आहेत अजून?"

"ती जाऊन बरीच वर्षं झाली. एवढं ऐकलं होतं. यजमानांचं ठाऊक नाही. वयानं तिच्यापेक्षा बरेच मोठे होते. गेले असतील."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती फाइल भरायला घेतली आणि लाल चौकट समोर आली. शेजारी वाकून म्हटलं, "इथं तारखेऐवजी एक घटना लिहिता येईल का?"

"कसली घटना?"

"एका गृहस्थांचा मृत्यू."

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "झालाय की व्हायचाय?"

"ते माहीत नाही."

"मग अंदाजे तारीख टाक."

"अगं, माणसाच्या मरणाची अंदाजे तारीख मी कशी टाकू!"

ती थोडी ओशाळली आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो. प्रकरण सरांकडे गेलं. सर शांत, कपाळावर बारीक विभूती, कुठल्याही प्रश्नावर आधी चष्मा पुसणारे. चष्मा पुसून म्हणाले, "कायमचं बंद करून टाका. कुणाची तक्रार नको."

मी हे बाईंना फोनवर सांगितलं तर त्या चिडल्याच. "कायमचं कसं? तिनं दोन गोष्टी मागितल्या होत्या. आधी कुणाला ऐकवू नको, आणि नंतर सगळ्यांना ऐकव. अर्धाच शब्द पाळायचा का? आपण त्यांचा पत्ता काढू."

पत्ता काढायला काही वेळ लागला नाही. तंजावरी मराठी माणसं कमी, आणि सगळी कुठून ना कुठून एकमेकांची नातेवाईक. बाईंच्या चुलत वहिनीनं सांगितलं, की ते घर मैलापूर सोडून तांबरमला गेलंय, मुलगा-सून आहेत. यजमानांबद्दल वहिनीला खात्री नव्हती. फोन करून विचारायला बाईंना संकोच वाटला. "काय विचारू? तुमचे सासरे आहेत का गेले?" मग शनिवारी आम्ही ऑटोनं मांबलम स्टेशन गाठलं आणि तांबरमची गाडी पकडली.

बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच म्हाताऱ्या माणसानं. नव्वदीच्या आसपासचे असावेत. कमरेला पांढरी लुंगीसारखी वेष्टी, उघडं अंग, हातात झाडांना पाणी घालायची झारी, आणि पाठीचा कणा असा ताठ की मीच नकळत सरळ उभी राहिले. बाईंचं तोंड उघडं ते उघडंच. शेवटी त्या म्हणाल्या, "कसे आहात?"

"बरा आहें," आजोबा म्हणाले. "तुम्ही कोण?"

आम्ही आत बसलो. सूनबाईंनी कॉफी आणली. त्या बँकेत होत्या, आता निवृत्त. तमिळ घरातल्या, पण सासूबरोबर राहून मराठी तोंडात पक्की बसलेली. आजोबा रेल्वेत होते. बाईंनी ओळख दिली, जुन्या घराच्या खुणा सांगितल्या. आजोबांना त्या आठवल्या. "ती टेपरेकॉर्डरवाली मुलगी! दुपारच्या वेळी येत होतीस. मी ड्यूटीवर असायचा." मग बोलता बोलता थांबले. झारी अजून हातातच होती. ती त्यांनी खाली ठेवली. "म्हणजे तिचा आवाज आहे तुमच्याकडे?"

बाईंनी मानेनंच हो म्हटलं.

"आमच्याकडे नाही," सूनबाई म्हणाल्या. "फोटो आहेत, लग्नातला अल्बम आहे. आवाज कुठंच नाही. त्या गेल्या तेव्हा आमच्याकडे साधे फोन होते."

"मला ऐकायचा आहे," आजोबा म्हणाले. इतकं सरळ म्हणाले, की मला कपाकडेच बघत राहावं लागलं. ज्या एका माणसाला ती फीत ऐकू द्यायची नव्हती, नेमका तोच ती मागत होता. तोही दुसरं काही न मागता.

बाईंनी वेळ मारून नेली. म्हणाल्या, ग्रंथालयाचं काम चालू आहे, कळवते. परतीच्या गाडीत आम्ही दोघी भांडलो. हळू आवाजात, पण भांडणच ते.

"ऐकू द्या ना त्यांना," मी म्हटलं. "नव्वदीचा माणूस. बायकोचा आवाज मागतोय. त्या असत्या तर त्यांनीच दिला असता."

"तू तिला भेटली नाहीस."

"पण किती वर्षं झाली बाई! आता कुणाला काय लागणार आहे त्यात?"

"त्यांना लागेल. म्हणून तर ती नको म्हणाली." पल्लावरम आलं, गेलं. मग बाई म्हणाल्या, "तिच्या घरात तिचं असं कपाटसुद्धा नव्हतं गं. हे एवढंच तिनं बाजूला ठेवलं, माझ्याकडे."

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे असतं तर सरळ उत्तर होतं, परवानगी नाही म्हणजे नाही." मी म्हटलं, तुमच्याकडे आजोबा येत नाहीत झारी घेऊन.

वाट निघाली ती सरांकडून. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली, त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "त्या बाई नेमकं काय म्हणाल्या? शब्द सांगा."

"हें बोलणं कोणाला ऐकवू नोको."

"बोलणं. गाणं नाही म्हणाल्या?"

मी टेबलावर थाप मारायचीच तेवढी बाकी ठेवली. पाळणा आधी होता. तो संपून मधे थोडी शांतता होती आणि मग बोलणं सुरू होत होतं. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "गाणं तर तिनं माझ्यासाठी, युनिव्हर्सिटीसाठीच म्हटलं होतं. शेजारणीला बोलावून ऐकवायची. गाण्यावर बंदी नव्हती." मग आम्ही एका फाइलीच्या दोन केल्या. गाणं खुलं. बोलणं बंद. मूळ अखंड प्रत बंद कप्प्यात, तिला कुणाचाच हात लागणार नाही अशी.

"कुणाचाच म्हणजे?" मी शेजारी विचारलं. "तू ॲडमिन आहेस. तुला तर सगळं उघडतं."

"उघडतं, पण कुणी उघडलं त्याची नोंद राहते. आणि मला मराठी येत नाही," ती ऐटीत म्हणाली. "माझ्यापेक्षा सुरक्षित माणूस तुला या शहरात मिळणार नाही."

आजोबांना बोलावलं. गाणं आता खुलं होतं, घरी बसून फोनवरही ऐकता आलं असतं. पण ते म्हणाले, मी येणार. सूनबाईंबरोबर आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. गेटवरच्या वॉचमननं ओळखपत्र मागितलं तर त्यांनी रेल्वेचं पेन्शनरचं कार्ड असं काढून दाखवलं, की त्यानं उभं राहून गेट उघडलं. बाई आधीच येऊन बसल्या होत्या, सर आणि शेजारच्या टेबलावरची माझी ॲडमिनही. मी हेडफोन पुढे केला, तो त्यांना नको होता. "कानांवर झाकणं कशाला? सगळ्यांनी ऐकूं दे." मग वाचनकक्षाचं दार लावून घेतलं आणि स्पीकरवर लावलं.

पहिल्या सुराला त्यांनी मान खाली घातली. पाळणा चालू होता तोवर ते हलले नाहीत. फक्त एका ठिकाणी बोट वर केलं आणि म्हणाले, "इथं ती एक कडवं गाळत होती. नेहमी." आणि खरंच, पुढच्या कडव्याच्या आधी ती क्षणभर अडखळलेली ऐकू आली. सूनबाई पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्या शेजारणीला एक शब्द कळत नव्हता, तीही पुसत होती.

पाळणा संपला. स्पीकर गप्प झाला.

आजोबांनी मान वर केली. "पुढें?"

"एवढंच," मी म्हटलं. म्हणजे म्हणायला गेले, पण त्याऐवजी स्पीकरची वायर नीट करू लागले.

"गाणं संपवून गप्प बसणाऱ्यांतली नव्हती ती," आजोबा म्हणाले. "पुढें काय आहे?"

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात मांडीवर जुळवले आणि सरळ सांगितलं, "पुढं आहे. पण ते तुमच्यासाठी नाही. तिनं माझ्याकडून शब्द घेतलाय."

"माझ्याबद्दल बोलली?"

बाईंनी पदर सारखा केला.

"मला ऐकवू नोको म्हणाली?"

"यजमान आहेत तोवर नको म्हणाली. मग सगळ्यांना ऐकव म्हणाली."

सूनबाई "अय्यो!" म्हणून जागच्या उठल्या. मला वाटलं, आता हे संपलं, आता हे उठून जाणार. आजोबा आधी नुसते बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. खोकला येईपर्यंत हसले. सूनबाईंनी पाणी दिलं ते पिऊन म्हणाले, "रोज संध्याकाळी दिवा लावून देवापाशी काय मागत होती ठाऊक आहे? 'मी आधी जावं, सवाष्ण जावं.' मी ऐकत होतो की. आणि दुपारीं टेपपाशी हा बेत! देवाला एक सांगत होती, टेपला एक."

मग पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवत हळूच म्हणाले, "देवानं त्याच्याकडचं ऐकलं."

बाहेर कुणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं.

"तुम्ही हट्ट धरलात तर..." बाई म्हणाल्या, आणि मला आश्चर्य वाटलं. इतके दिवस माझ्याशी भांडणाऱ्या बाई आता स्वतःच डळमळत होत्या.

"नोको," आजोबा म्हणाले. "तिनं नाही म्हटलं तर नाही. माझ्यावर एवढी साधी गोष्ट तिनं टाकली आहे, तीही नाही करायची कां?" मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हें यंत्र अजून चालतं? आवाज धरायचं?"

"चालतं की."

"मग माझाही धरा. तिनं तिचं सांगितलंय. मला माझं सांगायचं आहे."

"पण त्या काय म्हणाल्या ते तुम्हाला माहीत नाही, अप्पा," सूनबाई म्हणाल्या. "उत्तर कशाला देणार?"

"इतकी वर्षं संसार केला. अंदाज आहे."

सरांनी लगेच होकार दिला. एवढ्या लवकर की चष्मासुद्धा पुसला नाही. आम्ही मायक्रोफोन आणला. आजोबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, सूनबाईंनासुद्धा. आत राहिले ते, बाई आणि यंत्र सांभाळायला मी. त्यांनी घसा साफ केला आणि बायकोला नावानं हाक मारून बोलायला सुरुवात केली. जशी ती समोरच बसली आहे, आणि स्वयंपाकघरातून निघून जाईल म्हणून आधी थांबवून ठेवलं आहे.

तेही मी सांगणार नाही. पण दोन्ही फिती मी ऐकल्या आहेत, तेव्हा एवढं सांगायला हरकत नसावी, की त्यांचे काही अंदाज नेमके बसले. काही अगदीच भलते होते. तिला जे लागलंच नव्हतं त्याची ते मनापासून माफी मागत होते. आणि एक गोष्ट तिनं बोलून दाखवलीच नव्हती, ती त्यांनी स्वतःहून काढली. तेव्हा बाईंनी माझा हात घट्ट धरला. मला चेहरा कोरा ठेवायचा होता, ते फार जड गेलं. कुलपाची किल्ली आपल्याजवळ असणं म्हणजे काय, ते मला त्या खोलीत पहिल्यांदा नीट कळलं.

बोलून झाल्यावर त्यांनी आपली अट सांगितली. "हें माझंही बंद ठेवा. दोन्ही एकदम उघडा. आधी तिचं, मग माझं. आणि पहिल्यांदा सुनेला बोलावून ऐकवा. तिच्याकडेही माझ्या चुकांची यादी असेल, ती जुळवून बघेल."

दारातून आत येणाऱ्या सूनबाईंनी तेवढंच ऐकलं. "माझी यादी मी तुम्हाला रोज सांगते, अप्पा. मला टेपची गरज नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना उठायला हात दिला.

त्या दिवशी आम्ही सगळे मिळून कॅन्टीनला जेवलो. सर, माझी शेजारीण, सगळे. आजोबांनी दहीभात मागवला आणि बाईंशी जुन्या मैलापूरच्या गप्पा काढल्या: कोण कुठं राहत होतं, कुणाच्या घरचं डांगर चांगलं व्हायचं, कुठल्या संगीत सभेतल्या कचेरीला, म्हणजे मैफलीला, पंखे नव्हते. त्यांचं ते बोलणं भराभर चाललं होतं, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की मला सगळं कळतंय.

लाल चौकटीचं मात्र राहिलंच होतं. माझ्या शेजारणीनं त्यावर आपल्या परीनं तोड काढली. तारीख टाकायचीच, पण वर्षभरापुढची. आणि ती आली की फाइल आपोआप उघडण्याऐवजी मला निरोप येईल, की विचारून घ्या. मी तांबरमला फोन करायचा आणि उत्तरावरून पुढची तारीख टाकायची. त्याच्यासाठी तिनं एक वेगळी चौकट बनवली, तिथं अट शब्दांत लिहिता येते. सरांनी ती सगळ्यांच्या फॉर्मात घालायला सांगितली. 'यजमान आहेत तोवर' हे शब्द मी तिथं देवनागरीतच लिहिले. इंग्रजीत ते मला जमेनात.

बाई आणि मी अजून मंगळवारी बसतो. बऱ्याच कॅसेटी बाकी आहेत. गाणं संपून शांतता पसरली, की आता बाई आधीच हात वर करून मला थांबवतात आणि पुढच्या बोलण्यात कुणी काही अट घातली आहे का, ते आधी कान देऊन ऐकतात.

परवा तो निरोप आला. मी तांबरमला फोन लावला. विचारायचं कसं, हे मला अजून जमलेलं नाही, "घरी सगळे कसे आहेत?" असं काहीतरी म्हटलं. सूनबाईंना माहीत होतं मी का फोन केला ते.

"अप्पा घरी नाहीत," त्या म्हणाल्या. मी खुर्चीतून उठलेच. "मैलापूरला गेलेत, सभेत कचेरी आहे आज. नको म्हटलं तरी गेले. बसनं! संध्याकाळी फोन करा, मग स्वतःच बोलतील तुमच्याशी."

मी "परवाइल्ला" म्हटलं, फोन ठेवला, आणि चौकटीत पुढच्या वर्षाची तारीख घातली.